खाटा भरलेल्या, तरी वृद्धाश्रम तोट्यात का? आधी शुश्रूषेची मिनिटं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळ ३० खाटांचा सशुल्क वृद्धाश्रम आहे. साधारण २७ खाटा कायम भरलेल्या असतात. सगळ्यांना सरसकट महिना २२,००० रुपये, झोपून असलेल्यांना ५,००० जादा. तरी दर महिन्याला पैसे कमी पडतात, मावश्या टिकत नाहीत, काही नातेवाइकांकडे थकबाकी साठली आहे. सुरुवात कुठून करावी?

दरपत्रकापासून. तुमचं दरपत्रक खोलीवर बेतलेलं आहे, एसी किती, खोलीत दोघं की तिघं यावर. खर्च मात्र खोलीमुळे वाढत नाही, माणसाच्या अवस्थेमुळे वाढतो. दोन वर्षांपूर्वी काठी टेकत आलेल्या आजी आज कुशीवरसुद्धा स्वतः वळत नाहीत आणि तुम्ही अजून जुनेच पैसे घेताय. वृद्धाश्रमात विकली जाणारी खरी वस्तू म्हणजे मावश्यांच्या हाताची मिनिटं. ती मोजलीत की दर, भरती, ड्युटीचा तक्ता आणि कोणाला प्रवेश द्यायचा हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

मोजायचं कसं? सलग सात दिवस प्रत्येक खाटेला एक कागद लावा. अंघोळ, शौचाला नेणं, डायपर बदलणं, भरवणं, कूस बदलणं, चालवणं, कपडे बदलणं अशी कामं आधीच छापून ठेवा आणि मावशीने फक्त सुरुवातीची व शेवटची वेळ लिहावी. इथे एक चूक हमखास होते. जड माणसाला वळवायला किंवा खुर्चीत बसवायला दोघी लागतात, पण कागदावर एकदाच वेळ लिहिली जाते. दोघी लागल्या तर मिनिटं दुप्पट धरा. झोपून असलेल्यांचा खरा खर्च लपतो तो बहुतेक इथेच.

तुमची मोजणी होईपर्यंत हिशेब मांडायला हे आकडे घ्या: हिंडत्या-फिरत्या माणसाला दिवसाला ४० मिनिटं, आधार लागणाऱ्याला ११०, पूर्ण झोपून असलेल्याला २१०. तुमच्या २७ जणांत ९ हिंडते-फिरते, १० आधाराचे, ८ झोपून आहेत असं समजू. एकूण ३,१४० मिनिटं, म्हणजे सव्वाबावन्न तास. आठ तासांच्या पाळीत चहा, जेवण, जिने, निरोपानिरोपी वजा जाता हाती सहाच तास लागतात. म्हणजे दिवसाला ९ पाळ्या: सकाळी ४, दुपारी ३, रात्री २. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरता एक माणूस वर्षाला २९० दिवस मिळतो. ३६५ भागिले २९० म्हणजे १.२६. नऊ पाळ्या गुणिले १.२६ म्हणजे सव्वाअकरा. फक्त शुश्रूषेला १२ माणसं हवीत. स्वयंपाक, झाडलोट, सिस्टर, वॉचमन वेगळे. तुमच्याकडे सात-आठच असतील तर त्या का सोडून जातात हे वेगळं शोधायला नको.

आता मिनिटाची किंमत. मावशीचा पगार १५,००० धरा (किमान वेतनाचा चालू दर आधी तपासून घ्या). पुरती माणसं ठेवलीत की सगळे मिळून कर्मचारी २० च्या वर जातात, म्हणजे पीएफ आला: मालकाचा हिस्सा आणि शुल्क मिळून १३ टक्के. ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. सगळं मिळून १९,४०० च्या आसपास. महिन्याला तिचे प्रत्यक्ष कामाचे १४५ तास, म्हणजे ८,७०० मिनिटं. एक मिनिट सव्वादोन रुपयांना पडतं. म्हणजे शुश्रूषेचा महिन्याचा खर्च हिंडत्या-फिरत्या माणसामागे २,७००, आधार लागणाऱ्यामागे ७,४२५ आणि झोपून असलेल्यामागे १४,१७५. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गातला फरक साडेअकरा हजारांच्या घरात आहे. तुम्ही घेताय पाच.

यात स्थिर खर्च मिळवा. भाडं किंवा कर्जाचा हप्ता, सिस्टर, व्यवस्थापक, आचारी, वीज, गॅस, डॉक्टरांच्या भेटी, दुरुस्ती मिळून महिन्याला ४,८६,००० होत असतील, तर भागायचे २७ ने, ३० ने नाही. ३० ने भागलं तर माणशी १६,२०० दिसतात, २७ ने भागलं तर १८,०००. माणशी १,८०० च्या या फरकाने महिन्याला जवळपास ४९,००० चं भोक पडतं. मृत्यू, रुग्णालय, घरी परत जाणं यामुळे दहा टक्के खाटा रिकाम्या राहणारच. किराणा-भाजी-दूध दिवसाला माणशी १२० धरले तर ३,६००. तिन्ही मिळून माणशी खर्च येतो अनुक्रमे २४,३००, २९,०२५ आणि ३५,७७५. एकूण ७,९५,०००. तुमची जमा ६,३४,०००. म्हणजे पुरती माणसं ठेवली तर दरमहा १ लाख ६० हजारांची तूट. तुमच्या वहीत तोटा याहून कमी दिसत असेल, तर उरलेला मावश्यांच्या कंबरेतून आणि आजी-आजोबांच्या पाठीवरच्या जखमांतून वसूल होतो आहे.

दर मात्र एका फटक्यात वाढवू नका. नवीन प्रवेशांना लगेच नवे दर लावा. जुन्यांना ६० दिवसांची लेखी सूचना द्या आणि वाढ दोन टप्प्यांत घ्या. नातेवाइकांना बोलावून सात दिवसांचे कागद समोर ठेवा. ‘महागाई वाढली’ म्हणालात की वाद सुरू होतो. ‘तुमच्या आईंना दिवसाला साडेतीन तास माणूस लागतो, हा बघा कागद’ म्हटलं की बोलणं निदान मुद्द्यावर राहतं. दोन-तीन कुटुंबं जातील, ते गृहीत धरा. करारात वर्गबदलाचं कलम हवंच: दर महिन्याच्या १ तारखेला आणि रुग्णालयातून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा मूल्यमापन, आणि त्या तारखेपासून नवा दर. मोजमापाला बार्थेल निर्देशांक, म्हणजे रोजची कामं माणूस स्वतः किती करू शकतो याचा तक्ता, पुरेसा आहे: दहा बाबी, ० ते १०० गुण, सिस्टरला भरायला दहा मिनिटं. तुमच्या मतापेक्षा छापील गुण नातेवाइकांना लवकर पटतात. गुण देणारी व्यक्ती आणि बिल करणारी व्यक्ती वेगळी ठेवा, नाहीतर गुण बिलाकडे बघून पडायला लागतात.

आता पाळ्या. सात दिवसांचे कागद एकत्र केले की दिसेल, की निम्मं काम सकाळी ६ ते १० मध्ये कोंबलेलं आहे: उठवणं, शौच, अंघोळ, नाश्ता, गोळ्या. तिन्ही पाळ्यांत सारखी माणसं ठेवली तर सकाळी ओरड आणि दुपारी गप्पा. जवळच्या गावातल्या दोन-तीन बायका फक्त साडेसहा ते साडेदहा अशा चार तासांसाठी ठेवा. त्यांना घर-शेत सांभाळून जमतं आणि तुमचं एक पूर्ण माणूस वाचतं. काहींच्या अंघोळी दुपारी ४ ला घ्या. दहाच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या हा नियम आश्रमाच्या सोयीसाठी कुणीतरी केलेला असतो. कित्येक आजोबांना दुपारची अंघोळ आवडते.

१२ तासांच्या ड्युटीचा मोह आवरा. कागदावर दोन पाळ्यांत काम भागतं, पण आठ-नऊ तासांनंतर कूस बदलायची राहते, डायपर ‘अजून चालेल’ होतो आणि वरच्या तासांचा ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतोच. ब्युरोची, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, माणसं बदलीसाठी ठीक. पाचातलं एखादंच माणूस ब्युरोचं असावं. पैसे जादा जातात हा एक भाग. मोठा प्रश्न असा, की आज आलेल्या मावशीला कोणत्या आजोबांना पाण्याचा ठसका लागतो हे ठाऊक नसतं. गणपती, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं आणि प्रत्येकीच्या गावची जत्रा यांचा रजातक्ता दोन महिने आधी भिंतीवर लावा. वृद्धाश्रमात माणसं अचानक ‘गायब’ होतात ती बहुतेक याच चार वेळांना, म्हणजे अचानक काहीच नसतं. प्रत्येकीचं पोलिस पडताळणीचं पत्र फाइलला हवं, आणि कर्मचारी दहा किंवा जास्त असल्याने लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समितीही.

पाळी बदलताना १५ मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असू द्या आणि त्या वेळेचे पैसे द्या. तोंडी निरोप नको; फळ्यावर पाच गोष्टी: तीन दिवस शौच न झालेले, अर्धं ताट टाकलेले, पडलेले, साखर २५० च्या वर किंवा ७० च्या खाली गेलेले, नवीन औषध सुरू झालेले. अर्ध्याअधिक आणीबाणीची चाहूल या फळ्यावर आदल्या दिवशी लागते. रात्री शौचालयाकडे जाताना पडणं हा सगळ्यांत महागडा प्रसंग: खुब्याचं हाड, शस्त्रक्रिया, आणि परत येतात ते तिसऱ्या वर्गात. पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. कमोडची उंची ४५ सेंटिमीटरच्या वर, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं, पलंगापासून कमोडपर्यंत रात्रभर मंद दिवा. लघवी वाढवणारी गोळी दिवसातून दोनदा असेल तर दुसरी दुपारी ४ च्या आत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी ८ ला दिली की रात्री तीन फेऱ्या ठरलेल्या. उठवताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवायचं, मग उभं करायचं.

झोपून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा तक्ता सगळीकडे लटकलेला असतो आणि सगळीकडे पाळी संपताना एकदम भरला जातो. बरोबर सम तासांच्या चारही नोंदी एकाच पेनाने दिसल्या की समजायचं. उपाय रागावण्यात नाही. रात्री दोघीच असतील आणि आठ जणांना वळवायचं असेल, तर एका फेरीला दोघींचा पाऊण तास जातो. हे जमतंय का ते आधी स्वतः एक रात्र थांबून पाहा. हवेची गादी असली तरी वळवावं लागतंच, गादी फक्त मुदत वाढवते. प्रवेशाच्या दिवशी आणि प्रत्येक वेळी रुग्णालयातून परत आल्यावर माकडहाड, टाचा, खुबे यांची संमतीने तारखेसह छायाचित्रं घ्या. जखम आधीची की तुमच्याकडची, हा वाद तेवढ्याने मिटतो.

डायपर नातेवाइकांनी आणून द्यायचे ही पद्धत बंद करा. पाकीट संपतं, फोन लागत नाही, मावशी उरलेले पुरवून वापरते आणि कातडी सोलवटते. समजा १३ जणांना डायपर लागतात, तर दिवसाला चार म्हणजे महिन्याला १,५६० नग. एवढ्या खरेदीला घाऊक दर मिळतो. नगावर नोंद ठेवून बिलात लावा, किंवा तिसऱ्या वर्गाच्या दरातच धरा. इन्सुलिनच्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि लघवीच्या नळ्या-पिशव्या लाल पिशवीत. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार हवा. घंटागाडीत सुई सापडली तर नोटीस तुमच्या नावाने येते.

स्वयंपाकघरात पैसे वाया जातात ते महाग भाजीने नाही, परत आलेल्या ताटांनी. एकाच भाजीचे तीन प्रकार करा: नेहमीची, मऊ शिजवलेली, वाटलेली. पोळी दूध-वरणात कुस्करून देण्यापेक्षा मऊ खिचडी जास्त पोटात जाते. संध्याकाळी ७ ला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता म्हणजे साडेतेरा तासांचं अंतर. साडेनऊला कपभर दूध आणि साडेसहाला चहा-बिस्किट घाला, विशेषतः मधुमेहींना. चतुर्थी-एकादशीला उपास करण्याचा हट्ट असतो आणि तो मोडू नये, पण इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या त्या दिवसाच्या डोसबद्दल डॉक्टरांची लेखी सूचना आधी घेऊन ठेवा. साबुदाण्याने सकाळी साखर चढते आणि नंतर काहीच न खाल्ल्याने रात्री कोसळते.

थकबाकीचं दुखणं प्रवेशाच्या दिवशीच सुरू होतं. पैसे ५ तारखेच्या आत, आगाऊ, बँकेतून आपोआप वळते होतील अशी सोय करून. जबाबदार व्यक्ती दोन, त्यातली एक तासाभरात पोहोचू शकेल अशी. तीन महिन्यांची अनामत घ्या, वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि चालू खर्चाला हात लावू देऊ नका. दोन महिने थकले की तिसऱ्याची वाट न पाहता प्रत्यक्ष भेट. वृद्ध माणसाला बाहेर काढता येत नाही आणि काढूही नये, म्हणूनच आधी सावध राहायचं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, चरितार्थाचा अर्ज करता येतो. तो अर्ज आजी-आजोबांचा असतो, आश्रमाच्या वसुलीचा नाही. त्यांच्या इच्छेशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

‘एकरकमी दहा लाख, मग आजन्म सोय’ ही योजना कितीही खुणावली तरी टाळा. महिना २५,००० ने ते ४० महिन्यांचे पैसे झाले. ७८ व्या वर्षी आलेली व्यक्ती ९० पर्यंत सहज जगते, आणि ती सगळी वर्षं तुम्ही नव्या माणसाच्या दहा लाखांतून जुन्याला सांभाळता. नवे येणं थांबलं की सगळं कोसळतं. तसंच मृत्युपत्र, बक्षीसपत्र, बँकेतलं वारस म्हणून नाव, यात विश्वस्त किंवा कर्मचारी कुठेही नको, साक्षीदार म्हणूनसुद्धा नको.

रुग्णालयात असतानाचं शुल्क हा दुसरा नेहमीचा वाद. हिंडत्या-फिरत्या माणसाच्या २४,३०० पैकी १८,००० स्थिर खर्च आहे, म्हणजे ७४ टक्के. ती व्यक्ती खाटेवर नसली तरी तो चालूच. म्हणून खाट राखण्याचं शुल्क सर्वांना स्थिर खर्चाइतकं, म्हणजे १८,००० च्या हिशेबाने घ्या. जेवण आणि शुश्रूषा वजा करा आणि हे करारात आकड्यासह लिहा. रुग्णालयात पहिले चार तास आश्रमाचं माणूस, पुढे नातेवाईक किंवा सशुल्क सोबत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून फाइलला लावा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि उत्पन्नाची अट नाही. जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे हे शांततेच्या दिवशी विचारून ठेवा, रात्री दोनला नाही.

रिकाम्या दोन-तीन खाटा मे आणि दिवाळीत अल्पमुदतीच्या मुक्कामाला द्या. घरची मंडळी बाहेरगावी जातात तेव्हा मागणी असते. दिवसाचा दर मासिक दराच्या तिसाव्या भागाच्या दीडपट ठेवा, कारण नवीन माणसाला पहिले चार दिवस दुप्पट मिनिटं लागतात. मात्र झोपून असलेल्यांची एकूण संख्या आठच्या वर नेऊ नका. खाट रिकामी झाली की आधी कोणता वर्ग कमी आहे ते बघा, मग फोनवर होकार द्या.

मृत्यूची तयारी कराराच्या वेळी, शांतपणे. नेहमीचे डॉक्टर महिन्यातून किमान दोनदा प्रत्येकाला तपासतात आणि लिहितात, याची खात्री हवी. नाहीतर मध्यरात्री मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायला कुणी तयार होत नाही आणि प्रकरण पोलिसांकडे, शवविच्छेदनाकडे जातं. परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबायचं की नाही, अंत्यविधी कोण करणार, कृत्रिम श्वास नको असं स्वतः आजोबांनी नोटरीसमोर लिहून ठेवलं आहे का, हे त्याच फाइलमध्ये. नोंदणी २१ दिवसांच्या आत. अनामतीचा हिशेब ३० दिवसांत, न मागता.

कराचं एक. संस्था आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल, तर साठीपुढच्या व्यक्तीकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिना २५,००० पर्यंतच्या शुल्काला जीएसटीची सूट आहे. तिसरा वर्ग २७,००० ने ही मर्यादा आजच ओलांडतो, नवे दर लावल्यावर दुसराही ओलांडेल. शुश्रूषेचं बिल कसं करायचं याचं लेखी मत दर जाहीर करण्याआधी सनदी लेखापालाकडून घ्या, नंतर नाही. खासगी मालकीच्या आश्रमाला ही सूट नाही. आणि मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याचं मासिक शुल्क ही एक गोष्ट, त्याने ‘आश्रमासाठी’ पाठवलेली देणगी ही दुसरी. परदेशी देणगीच्या नोंदणीशिवाय ती घेता येत नाही, रुपयांत दिली तरी.

अग्निसुरक्षेचं ‘ब’ प्रपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून. झोपून असलेले आठही जण तळमजल्यावर हलवा. लिफ्ट असली तरी आगीत ती वापरता येत नाही, आणि तळमजल्यावर आणल्याने मावश्यांची रोजची जिन्यावरची मिनिटंही वाचतात.